काकाजींचा कान आणि पोट्ट्यांचा फोन: गावातल्या कंपनीत ज्ञान वाटून कसं घ्यायचं

मागच्या मार्चमध्ये आमचे दाळ मिलवाले काकाजी पुतणीच्या लग्नाला गेले, आठ दिवसांसाठी, आणि तिसऱ्याच दिवशी दाळेत चुरी दिसायला लागली. मिलवर दोन पोट्टे होते, दोघंही आयटीआय झालेले, कामाला चांगले, आणि त्यांच्याकडं सगळं होतं म्हणजे भिंतीवर तक्ता होता, मोबाईलात काकाजींचे व्हिडिओ होते, कोणत्या तुरीला किती फेऱ्या मारायच्या ते वहीत लिहिलेलं होतं. टरफल नीट निघत नव्हतं म्हणून त्यांनी मिलचा रोल अजून कसला, कसला तसा दाणा फुटायला लागला, आणि बाहेर ज्याची तूर होती तो कास्तकार ओट्यावर बसून सगळं पाहत होता. शेवटी एकानं काकाजींना फोन लावला आणि काही बोलत न बसता फोन सरळ चालू मिलजवळ धरला. तिकडं मांडवात बँड सुरू, काकाजी मांडवामागं गेले, अर्धा मिनिट आवाज आयकला आणि म्हणाले, "रोल बरोबर हाय बाप्पा, तूरच ओली हाय. मूठभर घे अन् हालवून पाय, खळखळते का? मिल बंद कर, आज ऊन दे तिले."

दोन दिवस ऊन दिलं, मग दाळ नीट निघाली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत ऑफिस आणि हिशोब पाहतो. दाळ मिल आहे, सोयाबीनचं बियाणं तयार करतो, हंगामात तूर-सोयाबीनची खरेदी असते. माणसं किती आणि मोबाईल-कॉम्प्युटर किती, हा प्रश्न आमच्याकडं रोजचा आहे, आणि त्या मार्चपासून मी त्याच्यावर नीट बसून काम केलं. जे केलं ते पायरीपायरीनं लिहितोय. तुमची कंपनी असो, बचत गटांचा संघ असो, सोसायटी असो की पतसंस्था, थोडाफार फरक करून चालेल.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. आम्ही सुरुवात उलटी केली होती. हातात थोडे पैसे आले तेव्हा एका कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं, त्यात सभासदांची माहिती, पिकाचा सल्ला, प्रश्न-उत्तरं, सगळं एका जागी. ट्रेनिंग एक दिवसाचं झालं, स्क्रीन इंग्रजीत, आणि गावात रेंज मिळते ती टाकीच्या बाजूला. चार महिन्यांनी त्यात फक्त मीच माहिती भरत होतो आणि मीच वाचत होतो. ते सॉफ्टवेअर वाईट होतं असं मी म्हणत नाही, पण कोण कोणाला काय विचारतो हे न पाहता आम्ही ते घेतलं, चूक तिथं झाली. म्हणून पहिली पायरी फोनची नाहीच.

पायरी १: कोण कोणाला विचारतो ते आधी लिहून काढा

एक साधी दोनशे पानी वही घ्या, काउंटरवर ठेवा. दोन आठवडे, जो कोणी कोणालाही काही विचारेल ते एका ओळीत लिहायचं: काय विचारलं, कोणाला विचारलं, उत्तर मिळालं का. फोनवर विचारलेलंसुद्धा. दोन आठवडे कमी वाटतील पण पुरतात, फक्त ते कामाचे दिवस असले पाहिजेत, खरेदी सुरू असतानाचे किंवा पेरणीच्या तोंडावरचे.

आमची वही भरली तेव्हा मला स्वतःला धक्का बसला. बियाण्याबद्दलचे बहुतेक प्रश्न कृषी पदवीधर पोराकडं जातील असं वाटलं होतं, ते जात होते ग्रेडिंगवर, म्हणजे बियाणं निवडायच्या कामावर, बसणाऱ्या एका ताईकडं, ज्या ताईचं नाव कंपनीच्या कोणत्याच कागदावर नव्हतं, रोजंदारीवर यायची. आणि बँकेच्या, जीएसटीच्या, आरओसीच्या (कंपन्यांची नोंदणी पाहणारं सरकारी कार्यालय) कामाचं उत्तर फक्त एकाच माणसाकडं होतं, सीईओकडं. पासवर्ड त्याच्या फोनमध्ये, ओटीपी त्याच्या नंबरवर.

इथं थोडं थांबून बोलतो कारण हे दुखणं मला आजूबाजूच्या बऱ्याच कंपन्यांमध्ये दिसतं. २०२० मध्ये केंद्राची १०,००० एफपीओंची, म्हणजे आमच्यासारख्या शेतकरी उत्पादक कंपन्यांची, योजना आली, तिच्यात कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मॅनेजमेंट खर्चासाठी मदत आहे. त्यातूनच सीईओ आणि अकाउंटंटचा पगार निघतो. तीन वर्षं संपली, धंदा तेवढा उभा नसला की पगार निघत नाही, सीईओ दुसरीकडं जातो, आणि त्याच्यासोबत पासवर्ड जातात, कोणता व्यापारी वेळेवर पैसे देतो ते जातं, बाजार समितीत कोणाशी बोलायचं ते जातं, लायसनचं रिन्युअल कधी आहे तेही जातं. डायरेक्टर मंडळी सगळी कास्तकार, त्यांना कळतं ते दंडाची नोटीस आल्यावर. म्हणून वहीतून निघणारं सगळ्यात महत्त्वाचं पान कोणतं तर ज्या कामापुढं एकच नाव आलं ते. त्याला लाल पेनानं गोल करा. आमच्याकडं असे गोल अकरा निघाले.

पायरी २: प्रत्येक गोल कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

सगळं ज्ञान एका सारखं नसतं. मायकेल पोलान्यी नावाचा एक हंगेरियन-ब्रिटिश विचारवंत होता, त्यानं विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडलं की माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त त्याला माहीत असतं. हे वाचलं तेव्हा मला आधी काकाजीच डोळ्यापुढं आले. त्यांना तुम्ही विचारा की ओली तूर कशी ओळखता, ते सांगतील हालवून पाहतो, दाताखाली धरतो, आवाज आयकतो. पण खळखळ किती म्हणजे बरोबर? ते त्यांना सांगता येत नाही, ते दाखवतातच.

मी तीन भाग करतो. एक म्हणजे आकडे आणि तारखा: पासवर्ड, रिन्युअल, दर, व्यापाऱ्याचे फोन, मॉइश्चरची (मालातल्या ओलाव्याची) मर्यादा. हे कागदावर किंवा शीटमध्येच पाहिजे, डोक्यात ठेवणं धोक्याचं. दुसरा म्हणजे हाताची कृती: ग्रेडरची जाळी बदलणं, मॉइश्चर मीटर लावणं, पोत्याला शिलाई, काटा तपासणं. याला फोटो आणि छोटा व्हिडिओ चालतो. तिसरा म्हणजे अंदाज आणि निवाडा: हा माल घ्यायचा की परत करायचा, चिडलेल्या सभासदाशी कसं बोलायचं, मिलचा आवाज. याला व्हिडिओनं अर्धंही काम होत नाही, याला सोबत बसावंच लागतं.

एकाच कामात तिन्ही असतात हे मात्र ध्यानात ठेवा. सोयाबीनची उगवण तपासणी घ्या. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा, हळू गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलोचं नेहमीचं प्रमाण, कमी निघाले तर बियाणं वाढवायचं. एवढं तक्त्यावर बसतं. पण आमची ती ताई गुंडाळी उघडते तेव्हा फक्त मोजत नाही, एकेक कोंब बोटावर घेते, वाकडा, बुटका, टोकाला काळा पडलेला बाजूला काढते आणि म्हणते, "हा निंगाला पण जगत नाही, याले मोजू नका." पदवीधर पोरानं त्याच गोणपाटावर ७८ मोजले होते, ताईनं ६९. त्या ९ दाण्यांमध्ये जे आहे ते तिच्या बोटात आहे. आता ती आणि तो पोरगा दरवर्षी मे महिन्यात एकत्र मोजतात, आधी त्यानं मोजायचं, मग तिनं, आणि फरक का आला ते बोलायचं. पहिल्या वर्षी नऊचा होता, या वर्षी दोनचा.

पायरी ३: बसायची जागा आणि वेळ पक्की करा

तंत्रज्ञान आणायच्या आधी बैठक बसवा. आमची पंधरा दिवसांनी असते, आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठला, गोडाऊनच्या ओट्यावर. बाजाराच्या दिवशी ठेवून पाहिली, कोणी येत नाही. संध्याकाळी ठेवून पाहिली, बायांना स्वयंपाक असतो आणि लाईनचा भरवसा नसतो. जागा ऑफिसमध्ये ठेवू नका, ऑफिसमध्ये खुर्च्या असतात आणि खुर्च्यांवर आधी डायरेक्टर बसतात, मग हमाल आणि ग्रेडिंगवाल्या बाया दारात उभ्या राहतात आणि बोलत नाहीत. ओट्यावर सतरंजी टाकली की सगळे एका पातळीवर येतात.

बोलायचं काय? "कोणाला काही अडचण?" असं विचारलं तर सगळे म्हणतात नाही. अमेरिकन सैन्यात १९७० च्या दशकापासून एक पद्धत आहे, सराव झाला की सगळ्यांनी बसून चार गोष्टी बोलायच्या: काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. आम्ही हेच चार प्रश्न घेतले, फक्त प्रत्येक वेळी एकच घटना घेतो. उदाहरणार्थ, गेल्या आठवड्यात एका गाडीचा माल मॉइश्चरवरून परत आला. त्याच्यावर चाळीस मिनिटं. दुसरं काही घ्यायचं नाही. आणि चूक कोणाची हे विचारायचं नाही, हा नियम अध्यक्षांनी स्वतः पाळला पाहिजे, कारण एकदा का कोणाला सगळ्यांसमोर झापलं की पुढच्या सहा महिन्यांत कोणीही खरं सांगणार नाही.

काकाजींनी पहिल्या तीन बैठकीत तोंड उघडलं नाही. मी त्यांना नंतर एकट्यात विचारलं तर म्हणाले, "मी सांगून देलं तर मले कोन ठेवन?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर गोड बोलून देता येत नाही. आम्ही संचालक मंडळाचा ठराव केला की शिकवणाऱ्याला हंगामात वेगळा भत्ता मिळेल आणि दोन जण तयार झाले तरी काकाजींची जागा कायम, मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. तुमच्याकडं म्हातारी, अनुभवी माणसं गप्प बसत असतील तर आधी हे तपासा. हे जोवर सुटत नाही तोवर कोणतंच ॲप चालणार नाही.

पायरी ४: फोनमध्ये आधीच जे आहे तेच वापरा

व्हॉट्सॲप सगळ्यांकडं आहे. नवीन काही शिकवायचं नसेल तर तिथूनच सुरू करा, पण शिस्त लावून. आमचा आधी एकच ग्रुप होता, त्यात सकाळी शंभर गुड मॉर्निंग, नेत्यांचे वाढदिवस, मध्ये कुठंतरी कोणीतरी विचारलेलं असायचं की तुरीवर अळी दिसते काय करू, आणि ते वर जाऊन गायब. आता दोन आहेत. एक फक्त सूचनांचा, त्यात फक्त ॲडमिनच टाकू शकतो: भाव, खरेदीच्या तारखा, मीटिंग. दुसरा प्रश्नांचा, त्यात कोणीही विचारू शकतो पण पिकाचं आणि कंपनीचंच.

टायपिंग करायला सांगू नका. व्हॉइस मेसेज चालू द्या, पण एका मिनिटाच्या आत, आणि बोलायच्या आधी गाव आणि पीक सांगायचं. ज्याला लिहायचंय त्याला जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या कीबोर्डवर, मराठी बोलून टाईप करता येतं, ते एकदा दाखवून द्या. आमच्याकडं हे काम बारावीत शिकणाऱ्या पोरीनं केलं, दोन रविवारी बसून पन्नाशीच्या पुढच्या माणसांना शिकवलं, आणि त्यातून उलटं असं झालं की ती माणसं तिला वावरातलं सांगायला लागली.

आता खरी मेहनतीची गोष्ट. ग्रुप म्हणजे पऱ्हाटीचं वावर आहे, बोंडं फुटतात पण वेचणी केली नाही तर कापूस झाडावरच खराब होतो. दर शनिवारी एका माणसानं त्या आठवड्यातले चांगले प्रश्न आणि खात्रीची उत्तरं वेचून एका गुगल शीटमध्ये उतरवायची. चार रकाने पुरतात: प्रश्न, उत्तर, कोणी सांगितलं, तारीख. हे काम पाळीनं करू नका, पाळीचं काम कोणाचंच नसतं, एका माणसाला द्या आणि त्याचा तास पगारात धरा. जे वारंवार लागतं ते ग्रुपच्या वर पिन करा, एकावेळी तीन मेसेज पिन होतात आणि जास्तीत जास्त ३० दिवस राहतात, म्हणून महिन्याला बदलावे लागतात. शीटची प्रिंट काढून काउंटरला लावा, कारण रेंज नसते तेव्हा काउंटर असतं.

एक सक्तीचा नियम: सातबारा, आधार, पासबुक यांचे फोटो ग्रुपवर कोणीही टाकायचे नाहीत, चुकून आले तर ॲडमिननं लगेच काढायचे. २०२३ पासून देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवा, लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून कागद दिलेले असतात.

पायरी ५: व्हिडिओ बनवा, पण नुसता फॉरवर्ड करू नका

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा, एकाच कामाचा. फोन स्टुलाला गमछ्यानं बांधला तरी चालतो, हातात धरू नका, हलतो. चेहऱ्यापेक्षा हात दिसले पाहिजेत. बोलणारा त्याच्या वऱ्हाडीतच बोलला पाहिजे, "आपण आता पाहणार आहोत" असं पुस्तकी बोलायला लावलं की माणूस आखडतो आणि मुद्द्याचं सांगायचं विसरतो. मिल किंवा ट्रॅक्टर चालू असेल तर आवाज नंतर बंद करून बोलायला लावा.

आणि मग तो बैठकीत दाखवायचा, भिंतीवर किंवा टीव्हीवर, मध्ये थांबवत थांबवत, ज्यानं केला तो माणूस शेजारी बसलेला असताना. हे मी मनानं सांगत नाही. २००६ मध्ये बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून डिजिटल ग्रीन नावाचं काम सुरू झालं, शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांचे व्हिडिओ करायचे आणि गावात गटागटानं दाखवायचे. त्यात शिकण्यासारखं हे होतं की व्हिडिओ दाखवताना गावातलाच एक माणूस तिथं असायचा, तो थांबवून प्रश्न विचारायचा, नंतर कोणी करून पाहिलं त्याची नोंद ठेवायचा. व्हिडिओनं सांगायचं काम केलं, पटवायचं काम माणसानं केलं.

आमच्याकडं ग्रेडरची जाळी बदलायचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला तेव्हा सगळ्यांनी अंगठा दाखवला, जाळी मात्र कोणालाच बदलता येईना. तोच व्हिडिओ ओट्यावर दाखवून लगेच प्रत्येकाच्या हातात पाना दिला, चौघांना एका सकाळी जमलं.

पायरी ६: सांगणाऱ्याचं नाव लावा

शीटमध्ये, व्हिडिओत, तक्त्यावर, जिथं ज्याची युक्ती आहे तिथं त्याचं नाव आणि गाव. झेरॉक्स कंपनीत १९९० च्या दशकात मशीन दुरुस्त करणाऱ्या लोकांच्या युक्त्या गोळा करायची युरेका नावाची पद्धत सुरू झाली. हे लोक आधी चहा-नाश्त्याला बसून एकमेकांना किस्से सांगत आणि त्यातूनच शिकत, मॅन्युअलमधून नाही. युरेकामध्ये एकानं टीप द्यायची, दुसऱ्या जाणत्या लोकांनी ती तपासायची आणि मगच ती सगळ्यांना जायची, देणाऱ्याच्या नावासकट. या नावाचं त्या लोकांना मोल होतं. आमच्या काउंटरवरच्या तक्त्यावर "उगवण तपासणी" याच्या खाली त्या ताईचं नाव आहे, आणि पहिल्यांदा ते लागलं त्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली दाखवायला. तिला आता रोजंदारीवरून मासिक पगारावर घेतलं आहे, नाव लावून पगार तोच ठेवला असता तर ते बरोबर झालं नसतं.

पायरी ७: बायांचा फोन कोणाकडं असतो ते विचारा

बऱ्याच घरी स्मार्टफोन एकच असतो आणि तो दिवसभर नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात. ग्रुपवर बायकोचा म्हणून जो नंबर आहे त्यावर मेसेज पोरगा वाचतो, ऑनलाईन गेम खेळता खेळता पुढं सरकवतो. आणि निंदण, वेचणी, बियाणं साठवणं, निवडणं, हे सगळं बायांचं ज्ञान. बायांसाठीचा निरोप ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. आम्ही प्रत्येक गावात बचत गटाची एक बाई ठरवली आहे, तिला मी फोन करून सांगतो, ती गटाच्या बैठकीत सांगते आणि तिथले प्रश्न वहीत लिहून आणते. साधी वही, साधा कॉल, पण सोयाबीनची पोती आपटायची नाहीत, टरफल पातळ असतं, उगवण जाते, ही गोष्ट हमालांपर्यंत पोचली ती अशाच एका वहीतून, एका बाईनं विचारलं होतं की घरचं बियाणं चांगलं निघते अन् कंपनीतून नेलेलं काऊन नाही.

पायरी ८: चुकीची माहिती अडवायचं दार ठेवा

या पायरीवर मी कोणालाच सूट देत नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. घाबरलेला माणूस जो सांगेल ते मारतो, दोन औषधं मिसळतो, मात्रा वाढवतो. आणि आज घाबरलेल्या माणसाच्या हातात फोन आहे.

आमचा नियम असा. औषधाचं नाव आणि मात्रा आठवणीतून कोणीही सांगायची नाही, काकाजींनी नाही आणि अध्यक्षांनीही नाही. डब्याच्या लेबलचा फोटो पाहिजे आणि कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या शिफारशीशी जुळलं पाहिजे, दोन माणसांनी पाहिल्यावरच ग्रुपवर जाईल. बाकी सल्ल्याला तीन गोष्टी विचारायच्या: कोणी केलं, कुठल्या गावात आणि किती वावरात, कोणत्या तारखेला. उत्तर नसेल तर तो सल्ला नाही. घाई असेल तर किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, २००४ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं.

आता एआय आलं आहे, राज्य कृषी विभागाचं महाविस्तार ॲप आहे, मराठीत विचारलं की उत्तर येतं. मी वापरतो आणि पोट्ट्यांनाही वापरायला सांगतो, विशेषतः पत्र लिहायला, व्हॉइस मेसेजमधून मुद्दे काढायला, सरकारी जीआर सोपा करून घ्यायला. पण उत्तर कितीही छान मराठीत आलं तरी नियम तोच, मात्रा असेल तर लेबल आणि दोन माणसं. उलट जिथं मोजून ठरतं तिथं यंत्राचं आणि माणसाचं छान जमतं. गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) हेक्टरी ५ लावायचे, सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ च्या वर पतंग दिसले की उपाय करायची वेळ आली. पोट्टे रोज सकाळी सापळ्याचा फोटो आणि आकडा टाकतात, शीट आपोआप लाल होते, मग जुना कास्तकार वावरात जाऊन डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली, मिटलेली फुलं) किती ते पाहतो आणि हिरवी बोंडं फोडून अळी पाहतो. आकड्यानं वावरात जायला लावलं, निवाडा वावरात झाला.

पायरी ९: जोड्या लावा आणि तक्ता भरत राहा

त्या अकरा लाल गोलांपुढं प्रत्येकी एक शिकणारा द्या. एक पूर्ण हंगाम तरी सोबत. पहिला महिना शिकणाऱ्यानं पाहायचं आणि लिहायचं, दुसऱ्या महिन्यात त्यानं करायचं आणि जाणत्यानं शेजारी उभं राहायचं, हात न लावता, हे फार अवघड जातं जाणत्याला. मग जाणत्याला मुद्दाम दोन-दोन दिवस सुट्टी द्यायची, पगारी. फोन चालू ठेवायचा. काकाजींची लग्नाची सुट्टी ठरवून दिलेली नव्हती, पण आम्हाला त्यातूनच ही पद्धत सुचली.

पासवर्डच्या गोलाला जोडी वेगळी लागते. सगळी खाती कंपनीच्या सिमवर आणि कंपनीच्या ईमेलवर करून घ्या, सीईओच्या वैयक्तिक नंबरवर एकही नको. एक कागद सीलबंद पाकिटात अध्यक्षांच्या कपाटात, दर तिमाहीला बदललेला. हे आजच्या आज होण्यासारखं काम आहे.

भिंतीवर मोठा कागद लावा, आडव्या ओळीत कामं, उभ्या ओळीत माणसं. ज्याला एकट्यानं जमतं त्याच्या चौकटीत पूर्ण टिंब, मदतीनं जमतं तिथं अर्धं. ग्रुपवर मेसेज किती आले हे मोजून काही कळत नाही, पूर्ण टिंबं किती वाढली आणि एकच चूक परत किती वेळा झाली हे मोजा. आमचे अकरा गोल आता चारवर आले आहेत. उरलेल्या चारांत एक व्यापाऱ्यांशी भाव करायचं काम आहे, ते अजून आमच्या अध्यक्षांनाच जमतं, त्यांच्यासोबत आता दोघं जण बाजार समितीत जातात आणि येताना गाडीत बसून काय झालं ते बोलतात.

पायरी १०: दर मे महिन्यात जुनं काढून टाका

खरीप लागायच्या आधी एक दिवस मिल बंद ठेवून सगळे तक्ते, शीट, व्हिडिओ पाहायचे आणि जे आता लागू नाही ते खोडायचं. भाव, लायसन, वाण, मशीन, सगळं बदलत असतं, आणि जुना बरोबर दिसणारा तक्ता नवीन माणसाला फसवतो. खोडायचा अधिकार ज्याचं नाव आहे त्यालाच पहिला. या मे मध्ये मिलचा तक्ता काढला तेव्हा काकाजींनी चष्मा लावून सगळं वाचलं, रोल नवीन बसवल्यामुळं त्यांनीच सांगितलेली फेऱ्यांची ओळ आता चुकीची झाली होती. त्यांनी पोट्ट्याच्या हातातला पेन घेतला, ती ओळ स्वतः खोडली, आणि पेन परत त्याच्याच हातात देऊन म्हणाले, "नवीन रोलवर तूच चालवते, तूच लिही."

त्यानं लिहिलं. खाली आता दोघांची नावं आहेत.